पेट स्कॅन आणि मिलिमीटरचा बाजार



"डॉक्टर, पेट स्कॅन नव्या डिजिटल मशीनवरच करायचा ना? तिथे म्हणे दोन मिलिमीटरची गाठसुद्धा सुटत नाही."

हा प्रश्न आता ओपीडीत नेहमीचा झाला आहे. विचारणारा बहुतेक वेळा पेशंटचा मुलगा, सून किंवा जावई असतो. त्यांनी मोबाइलवर जाहिरात वाचलेली असते आणि आईवडिलांसाठी जे सगळ्यात चांगलं ते करायची त्यांची तयारी असते. त्यात चूक काही नाही. पण मग जवळच्या शहरात सोय असतानाही दोनशे किलोमीटरवरच्या सेंटरची तारीख घेतली जाते, त्यासाठी उपचार आठवडाभर थांबतात आणि एका आकड्यासाठी घरचे लोक कर्ज काढायला तयार होतात.

म्हणून आज थोडं रोखठोक लिहितो. पेट स्कॅनचं रिझोल्यूशन सुधारणं हे खरं आणि मोलाचं विज्ञान आहे. पण ते पेशंटला ज्या पद्धतीने विकलं जातं, ती पद्धत दिशाभूल करणारी आहे. या दिशाभुलीची किंमत फक्त पैशात मोजता येत नाही. कुणी "स्कॅन क्लीन आला" म्हणून पुढची बायोप्सी टाळतो. कुणाचा फक्त मशीन बदलल्यामुळे आकडा वाढतो आणि घरात रडारड होते. हे टाळायचं असेल तर हा मिलिमीटर काय भानगड आहे, ते तुम्हाला समजलं पाहिजे.

पेट स्कॅन नेमकं काय बघतो?

सीटी किंवा एमआरआय शरीराचा आकार दाखवतो. पेट स्कॅन शरीराचं काम दाखवतो. तुम्हाला ग्लुकोजसारखं एक औषध शिरेतून दिलं जातं, त्याचं नाव एफडीजी. त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. बहुतेक कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात, त्यामुळे हे औषध त्यांच्यात जास्त साठतं.

फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर पडतो. त्याला जवळच एक इलेक्ट्रॉन भेटतो, दोघंही नष्ट होतात आणि दोन किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशेने सुटतात. तुमच्याभोवतीच्या रिंगमध्ये हजारो छोटे स्फटिक असतात. समोरासमोरच्या दोन स्फटिकांना एकाच क्षणी किरण लागले की कॉम्प्युटर समजतो, "या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी औषध आहे." अशा कोट्यवधी रेषांवरून चित्र तयार होतं.

रिझोल्यूशन म्हणजे काय?

रात्री घाटातून लांबून येणारी एसटी आठवा. आधी एकच दिवा दिसतो. गाडी जवळ आली की कळतं, दिवे दोन आहेत. दोन दिवे वेगळे ओळखण्याची ही क्षमता म्हणजे रिझोल्यूशन. पेट मशीनचं रिझोल्यूशन चार मिलिमीटर आहे म्हणजे, साधारण चार मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन चमकते ठिपके त्याला एकच वाटतील.

आता याच उदाहरणातली दुसरी गोष्ट बघा, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. लांबून दिवे दोन आहेत हे कळलं नाही, तरी उजेड मात्र दिसला होता. म्हणजे "दिसणं" आणि "वेगळं ओळखता येणं" या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिवा प्रखर असेल आणि आजूबाजूला मिट्ट काळोख असेल, तर बारीकसा दिवाही दिसतो. धुकं असेल किंवा दिवा मंद असेल, तर मोठाही दिसत नाही. "किती मिलिमीटरची गाठ दिसते?" या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही, तो यामुळेच.

चित्र धूसर का होतं?

याची कारणं समजली की जाहिरातीतले निम्मे दावे आपोआप गळून पडतात.

१. पॉझिट्रॉन थोडा चालतो. औषध जिथे आहे तिथेच किरण सुटत नाहीत. फ्लोरिन-१८ चा पॉझिट्रॉन सरासरी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त पुढे जाऊन नष्ट होतो. गॅलियम-६८ वापरलं तर हे अंतर सरासरी ३ मिमीच्या आसपास जातं.

२. दोन किरण अगदी सरळ रेषेत जात नाहीत. पाव अंशाच्या आसपास फरक पडतो. रिंग जितकी मोठी, तितका हा फरक वाढत जातो. माणूस मावेल अशा ८० सेंटीमीटरच्या रिंगमध्ये त्यातून जवळपास पावणेदोन मिलिमीटरची धूसरता येते. उंदरांवरच्या संशोधनासाठी छोट्या रिंगची मशीन असतात. ती १ मिमीच्या आसपास पोचतात, त्याचं हे एक मोठं कारण.

३. स्फटिकांचा आकार. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके लांब असले की नाजूक नक्षी काढता येत नाही. इथेही तसंच आहे. आजच्या मशीनमध्ये स्फटिकाची रुंदी साधारण ३ ते ४ मिमी असते.

४. तिरके येणारे किरण. शरीराच्या मध्यभागातून आलेला किरण स्फटिकात सरळ शिरतो. कडेच्या भागातून, म्हणजे दंड किंवा काखेसारख्या जागेतून आलेला किरण तिरका शिरतो आणि नेमका कुठल्या स्फटिकाचा हे ओळखताना गल्लत होते. त्यामुळे मध्यापेक्षा कडेला चित्र जास्त धूसर असतं.

५. तुमचा श्वास. साधा श्वास घेतानाही छाती आणि पोटामधला पडदा १ ते २ सेंटीमीटर वरखाली होतो. सीटी काही सेकंदांत उरकतो. पेट मात्र प्रत्येक भागावर साधारण दोन-तीन मिनिटं थांबतो. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाचा फोटो दोन मिनिटं शटर उघडं ठेवून काढला तर कसा येईल? फुप्फुसाच्या खालच्या भागातली किंवा यकृताच्या वरच्या टोकाची गाठ पेटमध्ये तशी येते.

यातली पहिली दोन कारणं निसर्गाची आहेत. कुठल्याही कंपनीने कितीही पैसे खर्च केले तरी पॉझिट्रॉन चालणारच आणि किरण थोडे वाकडे जाणारच. पाचवं कारण तुमच्या शरीराचं आहे. सेंटरने सेंटीमीटरभर हलणाऱ्या अवयवाला मिलिमीटरची हमी देऊ नये, एवढी साधी अपेक्षा आहे.

शास्त्रज्ञांनी काय केलं?

त्यांचं काम मोठं आहे आणि ते आधी मान्य करतो. १९५१ साली बोस्टनमध्ये गॉर्डन ब्राउनेल आणि विल्यम स्वीट यांनी दोन समोरासमोरच्या डिटेक्टरने मेंदूतल्या गाठी शोधण्याचा प्रयोग मांडला. १९७० च्या दशकाच्या मध्यात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मायकेल टर-पोगोसियन, मायकेल फेल्प्स आणि एडवर्ड हॉफमन यांनी आजच्या पेटचा पाया घातला. एफडीजी माणसाला पहिल्यांदा १९७६ साली फिलाडेल्फियात दिलं गेलं. त्या काळच्या मशीनचं रिझोल्यूशन दीड सेंटीमीटरच्या घरात होतं. आपल्याकडे २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला आणि पेटचं युग आलं. आज चांगल्या मशीनचं रिझोल्यूशन ४ मिमीच्या आसपास आहे. दीड सेंटीमीटरवरून चार मिलिमीटरवर यायला जवळपास पन्नास वर्षं लागली.

एवढा वेळ का लागला, याचा हिशोब सोपा आहे. चित्रातल्या घनाची बाजू निम्मी केली की त्याचं आकारमान आठपट कमी होतं. प्रत्येक घनाच्या वाट्याला आठपट कमी किरण येतात. किरण कमी म्हणजे चित्रात दाणे जास्त, टीव्हीवर पूर्वी मुंग्या दिसायच्या तसे. तेवढंच स्वच्छ चित्र हवं तर ढोबळ मानाने आठपट किरण गोळा करावे लागतात. त्यासाठी औषध वाढवलं तर रेडिएशन वाढतं. वेळ वाढवला तर पेशंट हलतो.

यातून बाहेर पडायचा एक मार्ग म्हणजे मशीनच लांब करणं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवर सायमन चेरी आणि रॅमसी बदावी यांच्या गटाने १९४ सेंटीमीटर लांबीच्या 'एक्सप्लोरर' मशीनवर २०१८ साली माणसाची पहिली चित्रं घेतली. डोक्यापासून पायापर्यंतचं शरीर एकाच वेळी रिंगमध्ये येतं. त्याचं रिझोल्यूशन ३ मिमीच्या आसपास आहे, म्हणजे त्यात फार मोठी उडी नाही. त्याची खरी ताकद जास्त किरण पकडण्यात आहे. ज्यांनी हे मशीन बनवलं त्यांनीही सगळा जोर नुसत्या मिलिमीटरवर दिलेला नाही, हे लक्षात घ्या.

ब्रोशरमधला आकडा कुठून येतो?

रिझोल्यूशन मोजायची एक प्रमाणित पद्धत आहे, तिला 'नेमा' चाचणी म्हणतात. त्यात मिलिमीटरपेक्षाही बारीक असा किरणोत्सारी थेंब केशनळीत भरून हवेत ठेवतात आणि मशीन त्याचं चित्र काढतं. मोजमाप मध्यापासून १, १० आणि २० सेंटीमीटरवर होतं. ब्रोशरमध्ये ठळक छापला जातो तो सहसा १ सेंटीमीटरचा, सगळ्यात चांगला आकडा.

हा थेंब श्वास घेत नाही. त्याला डायबिटीस नसतो. त्याचं वजन नव्वद किलो नसतं. मशीनची आपसांत तुलना करायला ही चाचणी उत्तम आहे, कारण तिचा उद्देशच तो आहे. पण तो आकडा उचलून "तुमच्या शरीरातली एवढी गाठ दिसेल" असं सांगणं म्हणजे रिकाम्या रस्त्यावर मोजलेलं गाडीचं मायलेज सोमवारी सकाळी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मिळेल असं सांगण्यासारखं आहे. खऱ्या पेशंटमध्ये श्वासाची हालचाल येते, दाणे कमी करण्यासाठी चित्र थोडं गुळगुळीत करावं लागतं आणि हातात येतं ते रिझोल्यूशन बऱ्याचदा ५ ते ७ मिमीचं असतं.

आणखी दोन शब्दांपासून सावध राहा. एक म्हणजे 'टाइम ऑफ फ्लाइट'. दोन किरणांपैकी कुठला आधी पोचला हे मोजून रेषेवरची जागा अंदाजाने ठरवतात. जाहिरातीत "२०० पिकोसेकंद" असं भारदस्त काहीतरी लिहिलेलं असतं. प्रकाशाच्या वेगाने हिशोब केला तर २०० पिकोसेकंद म्हणजे ३ सेंटीमीटर. होय, सेंटीमीटर! याचा फायदा खरा आहे: चित्रातले दाणे कमी होतात आणि जाड पेशंटमध्ये तर खूपच. पण यातून मिलिमीटरचं रिझोल्यूशन मिळत नाही. त्यासाठी १० पिकोसेकंदांच्या आसपास जावं लागेल. तेव्हा कुठे दीड मिलिमीटर मिळेल आणि हॉस्पिटलमधली मशीन अजून तिथे पोचलेली नाहीत.

दुसरा शब्द पिक्सेल. वर्तमानपत्रातला फोटो झेरॉक्सवर मोठा केला म्हणून त्यात नवा माणूस दिसत नाही. तसंच एआय वापरून चित्र चकचकीत करता येतं, पण जे किरण पकडलेच नाहीत त्यांची माहिती त्यात कुठून येणार?

एक छोटा हिशोब

आता मुद्द्यावर येऊ. समजा, फुप्फुसात ६ मिमीची गोल गाठ आहे. रिपोर्टमध्ये गाठीपुढे 'एसयूव्ही' नावाचा आकडा लिहितात. औषध तिथे किती साठलं याचं ते माप. समजा, या गाठीचा खरा एसयूव्ही ६ आहे आणि आजूबाजूच्या फुप्फुसाचा अर्धा.

ओल्या कापडावर शाईचा थेंब टाकला की तो पसरतो आणि फिका पडतो. छोट्या गाठीचं पेटमध्ये असंच होतं. हातात आलेलं रिझोल्यूशन ६ मिमी असेल, तर गणिताने या गाठीचा सगळ्यात जास्त आकडा सुमारे २ येतो. रिझोल्यूशन ४ मिमी असेल, तर तोच आकडा सुमारे ४ येतो. गाठ अगदी स्थिर आहे असं धरून केलेला हा हिशोब आहे. श्वासाने ती हलली तर आकडा आणखी घसरेल.

या हिशोबातून तीन गोष्टी निघतात.

पहिली: चांगल्या रिझोल्यूशनचा खरोखर उपयोग आहे. २ आणि ४ मध्ये मोठा फरक आहे. २.५ ही ढोबळ रेषा पूर्वीपासून वापरात आहे, आणि ही गाठ एका मशीनवर रेषेच्या खाली तर दुसऱ्यावर वर जाते.

दुसरी: छोट्या गाठीत आकडा कमी आला म्हणजे गाठ साधी, असं होत नाही. फुप्फुसातल्या ८ मिमीपेक्षा मोठ्या घट्ट गाठींसाठीच पेटचा विचार करा, असं फ्लाइश्नर सोसायटीचं २०१७ चं मार्गदर्शन सांगतं, त्यामागे हे एक कारण आहे. त्याहून लहान गाठीला बहुतेक वेळा ठरावीक महिन्यांनी पुन्हा सीटी, हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

तिसरी, आणि हिच्याबद्दल कुणीच बोलत नाही: मशीन बदललं की आकडा बदलतो. केमोच्या आधीचा स्कॅन जुन्या मशीनवर झाला आणि मधला स्कॅन "जास्त चांगल्या" मशीनवर केला, तर गाठ तेवढीच असूनही आकडा दुप्पट दिसू शकतो. धूसरता गणिताने कमी करणारी काही सॉफ्टवेअर छोट्या गाठीचा आकडा खऱ्यापेक्षाही वर नेतात. लिम्फोमामध्ये तर पुढचा केमो कोणता, हे अशा मधल्या स्कॅनवर ठरतं. तिथे मशीनचा फरक आजाराचा फरक समजला गेला, तर बदलायला नको होता तो उपचार बदलला जाईल. अर्ध्या उपचारात "चांगल्या" मशीनच्या मागे धावणं म्हणूनच धोक्याचं.

"क्लीन" या शब्दाने होणारं नुकसान

एक घन सेंटीमीटर गाठीत साधारण दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात. पसरलेल्या कॅन्सरची ०.२ ते २ मिमीची बेटं लिम्फ नोडमध्ये असू शकतात, त्यांना मायक्रोमेटास्टेसिस म्हणतात. ती मायक्रोस्कोपखाली दिसतात. पेटवर त्यांचा भरवसा धरता येत नाही, आजच्या नाही आणि पुढच्या मशीनवरही बहुधा नाही.

म्हणून सुरुवातीच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये "पेटमध्ये काखेत काही नाही, मग सेंटिनल नोडची बायोप्सी कशाला?" हा प्रश्न चुकीचा आहे. ऑपरेशननंतर "पेट क्लीन आहे, मग केमो कशाला?" हाही चुकीचा. तो केमो पेटला न दिसणाऱ्या पेशींसाठीच असतो. "दोन मिलिमीटरचंही सुटत नाही" ही जाहिरात वाचलेल्या माणसाला हे पटवायला आम्हाला फार कष्ट पडतात, आणि काही वेळा पटवता येत नाही. माझा राग आहे तो यावर.

जिथे मिलिमीटरचा काही उपयोग नाही

आपल्या देशात टीबी भरपूर आहे. टीबीच्या गाठीतल्या पेशीही एफडीजी जोरात खातात. साधा न्यूमोनिया, सार्कॉइडोसिस, नुकतंच झालेलं ऑपरेशन हे सगळं पेटमध्ये चमकतं. मशीनचं रिझोल्यूशन वाढवलं तर टीबीची गाठ जास्त स्पष्ट दिसेल, पण ती टीबीची आहे हे ते सांगणार नाही. ते बायोप्सी सांगेल.

उलट काही कॅन्सर एफडीजी फारसं खातच नाहीत. प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर, हळू वाढणारे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमाचे काही प्रकार, यकृताचे काही कॅन्सर. तिथे मशीन बदलून काही होत नाही, औषध बदलावं लागतं. प्रोस्टेटसाठी पीएसएमए, न्यूरोएंडोक्राइनसाठी डोटाटेट.

इथे एक गंमत बघा. या औषधांना अनेकदा गॅलियम-६८ जोडलेलं असतं आणि वर सांगितलं तसं त्याचा पॉझिट्रॉन जास्त चालतो, म्हणजे चित्र जास्त धूसर. तरीही पीएसएमए पेटमध्ये चार-पाच मिलिमीटरचा नोड दिसू शकतो. का? दिवा प्रखर आणि आजूबाजूला काळोख. योग्य औषधाने जे साधतं ते नुसत्या मिलिमीटरने साधत नाही.

"पण डॉक्टर, चांगलं मशीन चांगलंच ना?"

हो, चांगलंच. हा आक्षेप खोटा नाही. मेंदूच्या संशोधनात, जिथे छोटे छोटे भाग वेगळे ओळखायचे असतात, रिझोल्यूशनला पर्याय नाही. फक्त डोक्यासाठी बनवलेली छोट्या रिंगची मशीन अडीच मिमी आणि त्याखालीही पोचली आहेत. नव्या मशीनमध्ये कमी औषधात किंवा कमी वेळात स्कॅन होतो. लहान मुलांसाठी आणि वेदनेमुळे फार वेळ पडून राहू न शकणाऱ्यांसाठी तो मोठा दिलासा आहे. दोन्ही मशीन तुमच्या शहरात, सारख्याच खर्चात, सारख्याच तारखेला मिळत असतील आणि हा तुमचा पहिलाच स्कॅन असेल, तर नवीन मशीन जरूर निवडा.

माझा विरोध मशीनला नाही. आकडा पुढे करून उपचाराला उशीर, घरावर कर्ज आणि खोटी खात्री विकण्याला आहे. आणि कसलाही त्रास नसलेल्या माणसाला "फुल बॉडी चेकअप" म्हणून पेट विकणं तर सरळ गैर आहे. एका स्कॅनच्या औषधातूनच साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट रेडिएशन मिळतं, सीटीचं वेगळं. निसर्गातून आपल्याला वर्षभरात सरासरी अडीचच्या आसपास मिळतं. आजार असेल तर हा सौदा फायद्याचा आहे. नसेल तर कशासाठी?

तुमच्या हातात काय आहे?

भरपूर आहे. कोट्यवधींच्या मशीनची मेहनत या साध्या गोष्टींवर वाया जाते:

• आधी डॉक्टरांना विचारा: "या स्कॅनमुळे उपचारात काय बदलणार आहे?" उत्तर नीट मिळालं तरच स्कॅन करा.

• चार ते सहा तास उपाशी राहा. साधं पाणी चालेल. चहा, सरबत, गोळी-बिस्किट काही नाही.

• डायबिटीस असेल तर बुकिंग करतानाच सांगा. शुगर २०० च्या वर असेल तर औषध स्नायूंत वळतं आणि गाठ फिकी पडते. इन्सुलिन, मेटफॉर्मिन यांचं काय करायचं ते विचारा, मनाने बंद करू नका.

• आदल्या दिवशी जिम, लांब चालणं, जड काम टाळा. स्कॅनच्या दिवशी अंगावर उबदार कपडे ठेवा. थंडीत शरीरातली तपकिरी चरबी चमकते आणि मानेतल्या गाठींचा गोंधळ होतो.

• इंजेक्शननंतर साधारण तासभर शांत पडून राहा. बोलू नका, मोबाइलही नको. स्कॅन चालू असताना हलू नका, श्वास संथ ठेवा.

• ताप, जुना टीबी, नुकतीच घेतलेली लस, बायोप्सी, ऑपरेशन, शेवटच्या केमोची आणि रेडिएशनची तारीख हे सगळं सांगा.

• पुढचे स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा. बदलावंच लागलं तर जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्या. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही.

आणि सेंटरकडे काय मागायचं?

तुम्ही पैसे देता, तर हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. रिपोर्टमध्ये चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: इंजेक्शनच्या वेळची शुगर, औषधाची मात्रा, इंजेक्शन आणि स्कॅनमधला वेळ, आणि मागचा स्कॅन त्याच मशीनवर झाला होता की नाही. याशिवाय, छोटी गाठ असेल तर एक वाक्य हवंच: "गाठीचा आकार लहान असल्याने पेटवरून खात्रीने सांगता येत नाही." हे लिहायला नवं मशीन लागत नाही. प्रामाणिकपणा लागतो. चांगले न्यूक्लिअर मेडिसिन तज्ज्ञ हे लिहितातच. जे लिहीत नाहीत आणि बाहेर फलकावर मिलिमीटर लावतात, त्यांना विचारा, "हा आकडा माझ्या फुप्फुसात मोजलाय, की हवेत ठेवलेल्या नळीत?"

उत्तर काय येतं त्यावरून सेंटरची पारख करा. मशीन नवीन असो वा आठ वर्षांचं, जिथे तुमची शुगर तपासली जाते, तासभर शांत बसवलं जातं, जुना स्कॅन मागून घेतला जातो आणि "एवढं दिसतं, एवढं दिसत नाही" असं स्पष्ट सांगितलं जातं, तिथे डोळे मिटून जा.

तुमच्या रिपोर्टबद्दल शंका असतील तर त्या तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा. हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचा उपचार तुम्हाला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. आणि घरात किंवा शेजारी कुणाचा पेट स्कॅन ठरला असेल, तर गाडी ठरवण्याआधी त्यांना हा लेख जरूर वाचायला द्या.